ट्रॅक्टर पहाटे सुरू होईना? इंजिनाचा हीटर कसा चालतो, कसा तपासायचा आणि कधी बदलायचा

सातारा, सांगली : दिवाळी सरली की दोन्ही जिल्ह्यांत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात, थंडी आणि ऊसतोड. भुईंज, शेंद्रे, रेठरे, साखराळे, कुंडल इथल्या कारखान्यांच्या यार्डात नंबर लावायचा तर ट्रॅक्टर पहाटेच रस्त्याला लागावा लागतो. नेमका त्याच वेळी तो रुसतो. चावी फिरवली की सेल्फ घरघरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण इंजिन काही धरत नाही. चार-पाच वेळा सेल्फ मारला की बॅटरी बसते. मग कुणी पेटता बोळा एअर क्लीनरजवळ धरतो, कुणी स्प्रे मारतो, तर कुणी दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून ओढतो.

यातले बरेचसे प्रकार इंजिनाच्या मुळावर येतात आणि काही जिवावर. ज्या गाडीला हीटर आहे, तिचा हीटर वेळेत तपासला तर ही धावपळ वाचते. आणि खराबी हीटरमध्ये नसेल, तर उगाच प्लगचा संच बदलण्याचा खर्चही वाचतो. म्हणून हीटर म्हणजे नेमकं काय, तो कुठे असतो आणि कधी बदलायचा, याची ही माहिती.

डिझेल इंजिनाला थंडी का बाधते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी देणारा स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. पिस्टन वर येताना सिलेंडरमधली हवा साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप खालून गरम होतो, तसंच इथेही होतं, फक्त कितीतरी जास्त. चांगल्या इंजिनात दाबलेली हवा ५०० अंशांच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत नोजल डिझेलचा फवारा मारतो आणि डिझेल आपोआप पेट घेतं.

थंड सकाळी यात तीन अडथळे येतात. पहिला, आत येणारी हवाच गार असते आणि सिलेंडरचं गार लोखंड तिची उष्णता शोषून घेतं. दुसरा, ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन जड फिरतं. तिसरा, थंडीत बॅटरीची ताकद घटते. बॅटरी कमजोर आणि इंजिन जड, म्हणजे सेल्फ हळू फिरणार. सेल्फ हळू फिरला की दाबलेली हवा पिस्टन रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल न पेटता वाफ होऊन बाहेर पडतं. सायलेन्सरमधून दिसणारा पांढरा धूर तो हाच.

जुन्या काळी विहिरीवर बसवलेल्या ऑइल इंजिनांना ना बॅटरी होती, ना हीटर. साताऱ्याच्या कूपरची किंवा १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिनं हँडल मारूनच सुरू व्हायची. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडलने चाक जोरात फिरवायचं आणि वेग आला की खटका सोडायचा. डिझेल इंजिन सुरू होतं ते मुळात कॉम्प्रेशन आणि वेग यांच्या जोरावर, हे त्यावरून कळतं. हीटर फक्त मदत करतो. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाला तो वाचवू शकत नाही.

आधी बघा, आपल्या गाडीला हीटर आहे का?

सगळ्या ट्रॅक्टरना हीटर नसतो. आपल्याकडच्या ४०-५० एचपीच्या अनेक ट्रॅक्टरांमध्ये डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतो. अशी इंजिनं आपल्या हवामानात हीटरशिवाय सुरू होतात. ती सुरू होत नसतील तर दोष दुसरीकडे शोधावा लागतो.

हीटर असल्याच्या खुणा अशा:

- चावी लावली की डॅशबोर्डवर पिवळ्या रंगाची वेटोळ्याची खूण काही सेकंद पेटते.
- काही ट्रॅक्टरांत चावीला 'चालू' आणि 'स्टार्ट' यांच्या अध्येमध्ये किंवा उलट्या बाजूला हीटरची वेगळी जागा असते.
- इंजिनाच्या हेडवर प्रत्येक सिलेंडरपाशी पेन्सिलीसारखा बारीक प्लग आणि त्या सगळ्यांना जोडणारी धातूची पट्टी किंवा वायर दिसते.

हीटरचे मुख्य प्रकार तीन.

१) हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग

डिझेल जीप, पिकअप, कार आणि द्राक्षबागेत फवारणीला चालणारे काही मिनी ट्रॅक्टर यांत हा असतो. प्रत्येक सिलेंडरला एक प्लग. त्याच्या टोकात धातूच्या नळीत तारेचं वेटोळं असतं आणि भोवती उष्णता नेणारी पण वीज अडवणारी पांढरी पूड ठासून भरलेली असते. चावी हीटरवर आली की बॅटरीचा करंट वेटोळ्यातून जातो आणि टोक लालभडक होतं. त्याचं तापमान ८०० अंशांच्या पुढे जातं. डिझेलचा फवारा त्याच्या जवळून गेला की लगेच पेट घेतो.

जुन्या प्लगना तापायला २० ते ३० सेकंद लागतात. नवीन धातूचे प्लग ५-१० सेकंदांत तयार होतात आणि सिरॅमिकचे त्याहून लवकर. म्हणून पिवळी खूण विझेपर्यंत थांबायचं आणि विझली की लगेच सेल्फ मारायचा. बरेच जण खूण विझायच्या आतच चावी फिरवतात आणि मग 'हीटर काम करत नाही' म्हणतात.

२) हवा तापवणारा हीटर

हा प्रत्येक सिलेंडरमध्ये नसतो. हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये एकच कॉइल किंवा जाळी बसवलेली असते आणि आत जाणारी हवा ती तापवते. हा हीटर बॅटरीतून खूप करंट ओढतो. त्यामुळे बॅटरीच्या वायरी किंवा टर्मिनल सैल असतील तर सगळ्यात आधी हाच मार खातो.

काही जुन्या ट्रॅक्टरांत याचाच 'थर्मोस्टार्ट' नावाचा प्रकार असतो. त्यात कॉइल तापली की छोटा व्हॉल्व्ह उघडतो, डिझेलचे थेंब कॉइलवर पडून पेटतात आणि त्या ज्योतीने हवा गरम होते. चावी साधारण १५-२० सेकंद हीटरवर धरून मग सेल्फ मारायचा असतो. त्याला डिझेल पुरवणारी बारीक नळी चोंदली किंवा काढून बंद केलेली असली, तर कॉइल तापूनही उपयोग होत नाही. जुना ट्रॅक्टर विकत घेताना ही नळी जागेवर आहे का, हे जरूर बघावं.

३) ब्लॉक हीटर

हा वेगळाच प्रकार. तो बॅटरीवर नाही, घरच्या २३० व्होल्ट विजेवर चालतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी फिरतं त्या पोकळीत किंवा तिला जोडलेल्या पाइपवर तो बसवतात. पाणी तापवायच्या रॉडसारखाच एलिमेंट कूलंटमध्ये बुडलेला असतो. गरम कूलंट वर चढतं, गार खाली येतं आणि हळूहळू अख्खा ब्लॉक कोमट होतो. हा सुरू करायच्या क्षणी नाही, तर दोन-चार तास आधी लावावा लागतो.

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा इंजिन हीटरचं पेटंट १९४९ साली मिळालं. कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो चांगला परिचयाचा आहे. तिथे थंडीत उणे ३० अंशांपर्यंत पारा उतरतो, तेव्हा गाडीच्या पुढच्या जाळीतून वायरीचा प्लग बाहेर लोंबताना दिसतो.

आपल्या देशात अशी थंडी लडाखला. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान् पिढ्या जवान सैन्यात जातात आणि त्यातल्या अनेकांनी लेह, द्रास, सियाचीनच्या बाजूला नोकरी केलेली असते. तिकडे इंजिनच काय, टाकीतलं डिझेलही थिजतं. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं.

आपल्याकडे ती परिस्थिती नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात हिमकण पडतात, खाली पारा १० अंशांच्या आसपास येतो, पण सातारा-सांगलीच्या ट्रॅक्टरला ब्लॉक हीटर लागत नाही. कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. मात्र या दोन जिल्ह्यांतही एका ठिकाणी तो खरोखर कामाचा असतो, ते म्हणजे मोठे जनरेटर. त्याबद्दल पुढे पाहू.

दोष हीटरचाच आहे का? आधी ही परीक्षा

मिस्त्रीकडे जाण्याआधी एक साधी गोष्ट बघावी.

- फक्त सकाळी त्रास, दुपारी गरम इंजिन एका सेल्फला सुरू : हीटर, बॅटरी किंवा ऑइल यांच्यापैकी काहीतरी.
- सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा त्रास : डिझेलच्या लाइनमध्ये हवा, चोंदलेला फिल्टर, खराब नोजल किंवा घटलेलं कॉम्प्रेशन. हीटर बदलून फरक पडणार नाही.
- सेल्फ हळू फिरतो, दिवे मंद होतात : बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा अर्थिंगची वायर.
- सेल्फ जोरात फिरतो, पांढरा धूर भरपूर, पण इंजिन धरत नाही : डिझेल पोचतंय पण पेटत नाही. आता संशय हीटरवर.
- सेल्फ जोरात फिरतो आणि धूर अजिबात नाही : डिझेलच पोचत नाही.
- सुरू होतं, पण दोन-तीन मिनिटं एका सिलेंडरवर अडखळतं, मग नीट चालतं : बहुतेक एखादाच प्लग जळालेला.

पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर तो हेड गॅस्केटचा इशारा असू शकतो. तेव्हा गाडी तशीच पळवू नये.

हीटर प्लग घरच्या घरी कसा तपासायचा?

यासाठी मल्टीमीटर किंवा दोन वायरींचा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरेसा आहे. खाली दिलेली पद्धत जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांसाठी आहे.

१. आधी बॅटरी मोजावी. इंजिन रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवे. १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास अर्धी उतरली. ती चार्ज केल्याशिवाय पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

२. चावी हीटरवर ठेवून प्लगच्या पट्टीवर करंट येतो का, ते बघावं. येत नसेल तर प्लग निर्दोष असू शकतात. फ्यूज, रिले, वायर आणि चावीचा स्विच तपासावा. रिले गेला म्हणून चारही प्लग बदलले आणि त्रास तसाच राहिला, असं होऊ शकतं.

३. करंट येत असेल तर चावी बंद करून पट्टी काढावी, म्हणजे प्रत्येक प्लग वेगळा होतो. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी प्लगच्या टोकाला लावावी. लॅम्प पेटला तर आतली तार शाबूत आहे. नाही पेटला तर प्लग जळाला.

४. मल्टीमीटर असेल तर प्लगचं टोक आणि इंजिनाचं लोखंड यांच्यामधला रोध मोजावा. चांगल्या प्लगला तो साधारण अर्धा ते दोन ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करावा, कारण स्वस्त मीटरच्या वायरीच थोडा रोध दाखवतात.

५. सगळ्या प्लगांचे आकडे शेजारी लिहून बघावेत. तिघांचा एकसारखा आणि एकाचा खूप वेगळा असेल, तर तो वेगळा प्लग संशयित.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. प्लग बाहेर काढून, हातात धरून थेट बॅटरीला लावू नये. काही सेकंदांत तो लाल होतो आणि हात भाजतो. दुसरं, सगळेच प्लग १२ व्होल्टचे नसतात. काही नवीन गाड्यांत कमी व्होल्टचे प्लग असतात आणि थेट बॅटरी लावली की ते जागीच जळतात. प्लगच्या अंगावर व्होल्ट छापलेले असतात, ते वाचून घ्यावेत.

५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे ट्रेम-४ नियम लागू झाले. त्यानंतरच्या अनेक मोठ्या ट्रॅक्टरांत आणि बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा कारभार कंप्युटर बघतो. तिथे टेस्ट लॅम्प लावून वायरी चाळवू नयेत. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला की कुठला प्लग गेला, ते बहुतेक वेळा थेट दिसतं.

प्लग कधी बदलायचा?

प्लगला ठरावीक तारीख नसते. चांगला प्लग गाडीला साधारण १ लाख किलोमीटरपर्यंत साथ देतो, पण रोज किती वेळा थंड इंजिन सुरू होतं यावर ते अवलंबून असतं. या खुणा दिसल्या की बदलावा:

- टेस्टमध्ये तार तुटलेली निघाली.
- टोक फुगलेलं, वितळलेलं किंवा चिरलेलं दिसतं.
- नळीवर खाचा पडल्या आहेत किंवा प्लगच्या बुडातून कॉम्प्रेशन गळतं.
- पिवळी खूण नीट विझते, तरी पहाटे पांढरा धूर आणि अडखळणं चालूच आहे, आणि बॅटरी चांगली आहे.

चारपैकी एक प्लग वयोमानाने गेला असेल तर बाकीचेही तेवढेच जुने असतात. अशा वेळी पूर्ण संच बदलणं परवडतं. सेल्फचं काम काढणं किंवा नवीन बॅटरी घेणं यापेक्षा प्लगचा संच सहसा स्वस्तच पडतो. पण नवा प्लग काही आठवड्यांतच पुन्हा जळाला, तर दोष प्लगात नसतो. त्या सिलेंडरचं नोजल फवारा न मारता धार मारत असेल, तर ती धार प्लगचं टोक जाळते. रिले अडकून प्लगला सतत करंट जात असेल, तरीही तसंच होतं. आधी ते दुरुस्त करावं, मग प्लग घालावा.

प्लग काढायचं काम घाईचं नाही. तो बारीक असतो, कार्बनने हेडमध्ये घट्ट बसलेला असतो आणि जोर लावला की तुटतो. तुटलेला तुकडा आत राहिला तर हेड खोलायची वेळ येते. म्हणून आदल्या रात्री प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं ऑइल सोडावं, इंजिन थोडं गरम असताना हळूहळू मागे-पुढे करत फिरवावा. भोवतालची माती आधी हवेने उडवून द्यावी, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये जाते. नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मगच पान्याने बेताचा आवळावा. लांबी आणि आटे जुन्यासारखेच हवेत. लांब प्लग पिस्टनला किंवा आतल्या भागाला लागू शकतो.

जनरेटरचा ब्लॉक हीटर : लाइट गेल्यावरच कळणारा दोष

मोठी रुग्णालयं, साखर कारखाने, तासगाव-सांगली पट्ट्यातली बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज यांच्याकडे लाइट जाताच आपोआप सुरू होणारे मोठे जनरेटर असतात. अशा जनरेटरला गरम व्हायला वेळ मिळत नाही. सुरू होताच काही सेकंदांत पूर्ण लोड अंगावर येतो. म्हणून त्यांपैकी अनेकांना ब्लॉक हीटर असतो आणि तो इंजिन कायम कोमट ठेवतो. आत थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे ठरलेलं तापमान आलं की हीटर आपोआप बंद होतो. दुकानातल्या किंवा घरच्या लहान जनरेटरला तो सहसा नसतो.

या हीटरची अडचण अशी, की तो गेला तरी कुणाला कळत नाही. जनरेटर गपचूप उभाच असतो. डिसेंबरात पहाटे लाइट गेल्यावर तो लोड घेत नाही, तेव्हा हीटर कधीच बंद पडलेला निघतो. तोवर आत शेतकऱ्याचा माल किंवा पेशंट ताटकळलेला असतो.

तपासणी अगदी सोपी. रात्रभर बंद असलेल्या जनरेटरच्या ब्लॉकला सकाळी हात लावावा. कोमट लागला तर हीटर चालू आहे. शेजारच्या लोखंडाइतकाच गार लागला, तर हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा त्याचा एमसीबी यांपैकी काहीतरी गेलं. जनरेटर आपोआप कधीही सुरू होऊ शकतो, म्हणून हात लावण्याआधी तो ऑटोवरून काढून बंदवर ठेवावा आणि तपासणी झाली की आठवणीने परत ऑटोवर करावा. थंडीत आठवड्यातून एकदा वॉचमनने एवढं केलं तरी पुरे.

इलेक्ट्रिशियनकडून रोध मोजून घेतला की खात्री पटते. वीज पूर्ण बंद करून मोजल्यावर २३० व्होल्टच्या १,००० वॅट हीटरला साधारण ५३ ओहम आणि १,५०० वॅटला ३५ ओहम यायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटला. एलिमेंट आणि बॉडी यांच्यात रोध कमी येत असेल, तर करंट बॉडीत उतरतोय. तो हीटर त्याच दिवशी काढावा.

ब्लॉक हीटर बदलायच्या वेळा:

- एलिमेंट तुटला किंवा करंट बॉडीत उतरतो, ईएलसीबी पुन्हा पुन्हा पडतो.
- हीटरच्या बुडातून कूलंट पाझरतं आणि गॅस्केट बदलूनही थांबत नाही.
- वायर कडक झाली, पिन काळी पडली किंवा जळका वास येतो.
- एलिमेंटवर क्षारांचा जाड थर बसला आहे.

शेवटचं कारण आपल्याकडे महत्त्वाचं. बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड असतं. तेच रेडिएटरमध्ये ओतलं की गिझरमध्ये जमतो तसा पांढरा थर एलिमेंटवर जमतो. उष्णता पाण्यात जात नाही आणि एलिमेंट आतल्या आत जळतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचं तयार मिश्रणच वापरावं. नवा हीटर बसवल्यावर कूलंट पूर्ण भरून, अडकलेली हवा काढून मगच वीज द्यावी. कोरड्या ब्लॉकमध्ये हीटर चालू केला तर तो थोड्याच वेळात जळतो.

हे जुगाड करू नका

- पेटता बोळा : एअर क्लीनरपाशी ज्वाळा नेली की फिल्टरचा कागद, रबरी पाइप आणि सांडलेलं डिझेल पेट घेऊ शकतं. शेजारी पाचट असेल तर विचारायलाच नको.
- हीटर असलेल्या गाडीला स्टार्टिंग स्प्रे : या स्प्रेत इथर असतं. लालभडक प्लग किंवा कॉइल आणि इथर एकत्र आले की मॅनिफोल्डमध्येच स्फोट होऊ शकतो. पिस्टनच्या रिंगा तुटतात, माणूस भाजतो.
- पाणी तापवायचा रॉड रेडिएटरमध्ये : घरचा रॉड ट्रॅक्टरमध्ये सोडणं म्हणजे अख्ख्या ट्रॅक्टरच्या लोखंडात करंट उतरवण्याचा धोका. हा प्रकार अजिबात करू नये.
- बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन गरम करणं : धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. दार उघडं ठेवावं, शक्यतो गाडी बाहेर काढावी.
- सलग सेल्फ मारणं : एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नको. मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावं. नाहीतर सेल्फची वायंडिंग जळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑइल बदललं तर फरक पडतो का?
पडतो. ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. कंपनीने पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल घालावं. जुनं, काजळीने घट्ट झालेलं ऑइल मात्र थंडीआधी जरूर बदलावं.

एकदा हीटर देऊन सुरू झालं नाही तर?
पुन्हा पूर्ण वेळ हीटर द्यावा आणि मग सेल्फ मारावा. दोन-तीन वेळा करूनही धरत नसेल तर थांबावं. बॅटरी संपवण्यापेक्षा कारण शोधावं.

सुरू झाल्यावर लगेच लोड द्यावा का?
नाही. दोन-तीन मिनिटं कमी रेसवर चालू द्यावं. ऑइल वरपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. थंड इंजिनाची रेस वाढवून ते लवकर गरम करायला जाऊ नये.

थंडी संपली की हीटरकडे बघायला नको?
बघायलाच हवं. प्लग वर्षानुवर्षं तसाच राहिला की हेडमध्ये जाम होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास, हंगाम सुरू व्हायच्या आधी, बॅटरी, प्लग आणि रिले यांची एकदा तपासणी करून घेतली तर पुढचे चार महिने निर्धास्त जातात. टोळी फडात पोचली, ट्रॉली भरली आणि ट्रॅक्टर उभा, ही वेळ येण्यापेक्षा अर्धा तास आधी घातलेला बरा.